पावाचा तुकडा आणि नावांची वही

१८४९ सालच्या मुंबईत हिंदू माणसाने पाव खाणे ही साधी गोष्ट नव्हती. पाव भाजणारे बहुतेक गोव्याकडचे ख्रिस्ती. वसई आणि गोव्याच्या बाजूला पिढ्यान्‌पिढ्या एक गोष्ट सांगितली जाई की पाद्र्यांनी विहिरीत पाव टाकला, ते पाणी नकळत प्यालेला अख्खा गाव बाटला आणि त्याला पुन्हा धर्मात जागा मिळाली नाही. गोष्ट किती घडली आणि किती रंगली हे बाजूला ठेवू. पाव पोटात गेला की माणूस जातीतून गेला, ही समजूत मात्र घराघरांत होती. त्याच शहरात काही शिकलेले हिंदू तरुण कोणा एकाच्या घरी जमत, दार लावून घेत, मराठीत प्रार्थना म्हणत आणि नव्याने येणाऱ्याच्या हातावर ख्रिस्ती भटारखान्यातल्या पावाचा तुकडा ठेवत. तो त्याने सर्वांदेखत खायचा, परक्या हातचे पाणी प्यायचे आणि आपण जातिभेद मानणार नाही अशी प्रतिज्ञा करायची. एवढे झाले की तो सभासद. पुढची अट एकच होती, बाहेर याचा उच्चार करायचा नाही.

ही परमहंस सभा. काही जण तिला परमहंस मंडळी म्हणत. ती सुमारे अकरा वर्षे चालली. १८६० मध्ये तिचे दप्तर चोरीला गेले, नावे बाहेर फुटतील या धास्तीने सभासद पांगले आणि सभा संपली. महाराष्ट्रातल्या सुधारणेच्या इतिहासांत तिच्या वाट्याला दोन-चार ओळी येतात, त्याही प्रार्थना समाजाकडे जाण्याची एक पायरी म्हणून. मला हे अपुरे वाटते. या सभेने दाराआड जे केले, ते तिच्या मागून आलेल्या, राजरोस चालणाऱ्या समाजाने आपल्या सभासदांकडून मागण्याचे टाळले. लपून राहणाऱ्यांची प्रतिज्ञा उघड्यावर आलेल्यांच्या प्रतिज्ञेपेक्षा कडक होती. असे का झाले, हे समजून घ्यायचे तर सुरुवात सुरतेपासून करायला हवी.

दादोबा पांडुरंग तर्खडकर यांचा जन्म १८१४ चा, मुंबईतल्या खेतवाडीतला. मराठी माणूस त्यांना ओळखतो तो व्याकरणामुळे. १८३६ साली, वयाच्या बाविसाव्या वर्षी, त्यांचे ‘महाराष्ट्र भाषेचे व्याकरण’ प्रसिद्ध झाले आणि पुढे कित्येक पिढ्या त्यावर शिकल्या. तीन भाऊ प्रसिद्धीस आले. मधले भास्कर, धाकटे डॉक्टर आत्माराम. दादोबा शिक्षक म्हणून सुरतेला गेले आणि तिथे त्यांची गाठ दुर्गाराम मंछाराम मेहता यांच्याशी पडली. दुर्गाराम हे गुजराती शाळेतले मेहताजी, निर्भीड आणि वादात न हटणारे. २२ जून १८४४ रोजी या दोघांनी इतर मित्रांसह मानवधर्म सभा स्थापन केली. प्रमुख पाचही जणांची नावे ‘द’ने सुरू होणारी, म्हणून गुजरातीत त्यांना पाच ‘दद्दा’ म्हणत.

मानवधर्म सभेचा कारभार खुला होता. रविवारी सभा भरे, ज्याला यायचे त्याने यावे, ऐकावे, उलट प्रश्न विचारावेत. मंत्रतंत्र करणाऱ्यांना या मंडळींनी आव्हान दिले की तुमच्या मंत्रात बळ असेल तर चारचौघांत दाखवा. भूत, जादू, मूठ मारणे यांवर सुरतेत उघड वाद झाले. दुर्गाराम सभेचा वृत्तांत लिहून ठेवत, आणि त्यामुळेच महिपतराम रूपराम यांना पुढे त्यांचे चरित्र लिहिता आले. जातिभेदावरही या सभेत बोलणे होई. पण त्या बोलण्यापलीकडे सभासदाने जाऊन जात मोडावी, असा नियम नव्हता. माणूस एक आहे, देव एक आहे असे तास दोन तास बोलून प्रत्येक जण आपापल्या घरी, आपापल्या पंक्तीला जेवायला जाई.

१८४६ मध्ये दादोबा मुंबईत परतले. एल्फिन्स्टन संस्थेत शिक्षक तयार करण्याच्या वर्गाचे काम त्यांच्याकडे आले. इथेही सार्वजनिक काम त्यांनी उघडच केले. १८४८ मध्ये एल्फिन्स्टनच्या विद्यार्थ्यांनी आणि प्राध्यापकांनी विद्यार्थ्यांची साहित्य व शास्त्रीय सभा काढली. तिची मराठी शाखा म्हणजे ज्ञानप्रसारक सभा, आणि तिचे पहिले अध्यक्ष दादोबा. निबंध वाचणे, विज्ञानाची माहिती देणे, मुलींच्या शाळा काढणे ही कामे याच वर्तुळातून झाली. त्याबद्दल टीका झाली, कुत्सित बोलणे झाले, तरी कोणाला नाव लपवावे लागले नाही.

मग पुढच्याच वर्षी याच माणसांना दार लावून का बसावे लागले? एका कटू प्रकरणाची आठवण ताजी होती. १८४३ मध्ये नारायण शेषाद्री हा ब्राह्मण तरुण ख्रिस्ती झाला. त्याचा धाकटा भाऊ श्रीपत, बारा वर्षांच्या आसपासचा, मिशनऱ्यांच्या घरी राहिला होता. बाप सुप्रीम कोर्टात गेला आणि कोर्टाने मुलगा बापाच्या ताब्यात दिला. श्रीपतने बाप्तिस्मा घेतला नव्हता, पण मिशनऱ्यांच्या घरचे अन्न त्याच्या पोटात गेले होते. त्याला प्रायश्चित्त देऊन जातीत परत घ्यावे म्हणून बाळशास्त्री जांभेकर उभे राहिले. बाळशास्त्री म्हणजे ‘दर्पण’चे संपादक, एल्फिन्स्टनचे प्राध्यापक, सरकारदरबारी मान असलेला शास्त्रसंपन्न ब्राह्मण. शास्त्राचा आधार घेऊनच ते बोलत होते. तरीही ब्रह्मवृंदात फूट पडली, आणि रोष मुलावर होता त्याहून जास्त बाळशास्त्र्यांवर उलटला. एका लहान मुलाच्या पोटातल्या अन्नावरून एवढ्या मोठ्या माणसाला जातीने कोंडीत धरले, हे दादोबांच्या पिढीने डोळ्यांदेखत पाहिले होते. बाळशास्त्री १८४६ मध्ये वारले तेव्हा जेमतेम चौतीस वर्षांचे होते.

बहिष्कार म्हणजे काय, हे आजच्या शहरी वाचकाला नीट उमगत नाही, म्हणून थोडे थांबतो. ग्रामण्य उभे राहिले आणि माणूस वाळीत पडला की त्याच्या घरी भटजी येत नसे, न्हावी येत नसे, परीट कपडे घेत नसे. मुलीचे ठरलेले लग्न मोडे. सासरी असलेल्या बहिणीला माहेरी पाठवणे बंद होई. घरात मयत झाले तर तिरडीला खांदा द्यायला चार माणसे मिळत नसत. कोणताही शिक्षा देणारा अंमलदार दारात येत नसे, कोणी दंड वसूल करत नसे. शेजारपाजारची, नात्यागोत्यातली माणसे फक्त येणे थांबवत. इंग्रज सरकारचे कायदे या बाबतीत बहुतांशी जातीच्या दाराबाहेरच थांबत. आणि ही शिक्षा एका माणसाला होत नसे, घराला होई. पाव ज्याने खाल्ला त्याला बाहेर नोकरी होती, मित्र होते, शाळा-कचेरी होती. घरात बसलेल्या आईला आणि बायकोला हळदीकुंकवाचे बोलावणे आणि विहिरीवरचे बोलणे याखेरीज दुसरे जग नव्हते, आणि तेच जग आधी बंद होई.

म्हणून या मंडळींना भेकड ठरवण्याची घाई मला योग्य वाटत नाही. पण एक गोष्ट नोंदवलीच पाहिजे. सभा पुरुषांची होती. जी शिक्षा बायकांना आधी भोगावी लागणार होती, तिचा धोका पत्करताना त्या बायकांना कोणी विचारले नाही. आणि गुप्तता जितकी शास्त्री-पंडितांपासून होती तितकीच ती स्वतःच्या माजघरापासूनही होती. बैठकीत पाव खाऊन घरी आलेला सभासद सोवळ्यातल्या आईने वाढलेले पान पुढे ओढी आणि गप्प राही. एकमेकांशी खरे राहण्याची शपथ घेतलेल्या माणसांना घरी रोज खोटे वागावे लागे. या सभेतल्या प्रत्येकाच्या अंगावर हे ओझे होते.

नाव लपवणे ही त्या काळाची सवयच होती. दादोबांचे भाऊ भास्कर पांडुरंग यांनी १८४१ मध्ये ‘बॉम्बे गॅझेट’मध्ये पत्रे लिहिली. कंपनी सरकार या देशाला कसे पिळून काढत आहे, हे त्यांत इतक्या रोखठोकपणे मांडले आहे की ती आज वाचतानाही आश्चर्य वाटते. खाली सही फक्त ‘एक हिंदू’ अशा अर्थाची. गोपाळ हरी देशमुख यांनी १८४८ पासून भाऊ महाजनांच्या ‘प्रभाकर’मध्ये शतपत्रे लिहिली, ती ‘लोकहितवादी’ या नावाने. दादोबांनी स्वतः १८४३ मध्ये ‘धर्मविवेचन’ हा ग्रंथ लिहिला, तो पंचवीस वर्षे तसाच ठेवला आणि १८६८ मध्ये छापला तेव्हाही लेखक म्हणून नाव दिले ‘एक जगद्वासी आर्य’. व्याकरणाच्या पुस्तकावर अभिमानाने छापलेले नाव धर्माच्या पुस्तकावर येऊ शकले नाही. भास्कररावांना सरकारची भीती होती आणि दादोबांना जातीची. दोघांनी निवडलेला मार्ग मात्र एकच.

परमहंस सभेची तत्त्वे याच ‘धर्मविवेचना’त आहेत. पूजा एका ईश्वराचीच करावी. खरा धर्म प्रेमावर आणि नीतीवर उभा असतो, आणि आत्म्याचा धर्म सर्वांचा एकच. प्रत्येकाला विचाराचे स्वातंत्र्य असावे. आपले रोजचे बोलणे-वागणे विवेकाला धरून असावे. मनुष्यजात एक आहे. योग्य ज्ञान सर्वांना मिळावे. ही तत्त्वे ऐकायला सौम्य वाटतात, आणि सुरतेच्या सभेतही याहून फार वेगळे बोलले जात नसावे. फरक पडला तो ‘मनुष्यजात एक आहे’ हे वाक्य पानात वाढल्यामुळे. दादोबा हे या सभेमागचे विचारवंत, बैठकीत म्हणायच्या प्रार्थनाही त्यांच्याच. अध्यक्षस्थानी होते रामचंद्र बाळकृष्ण जयकर, पाठारे प्रभू ज्ञातीतले. सभासदांत ब्राह्मण होते, प्रभू होते, भंडारी होते, वैश्य होते. एरवी शेजारी बसूनही एका ताटातले खाऊ न शकणारी ही माणसे इथे एकत्र जेवत. मुंबईबाहेर, पुण्यातही, सभेची मंडळी होती.

या गुप्ततेची जात नीट ओळखायची तर त्याच मुंबईतल्या दुसऱ्या एका बंधुमंडळाकडे पाहावे. १८४३ साली डॉक्टर जेम्स बर्न्स यांनी फ्रीमेसन लोकांचे ‘रायझिंग स्टार ऑफ वेस्टर्न इंडिया’ हे लॉज मुंबईत काढले, ते मुद्दाम हिंदी लोकांना प्रवेश मिळावा म्हणून. माणकजी कर्सेटजी यांच्यासारखे पारशी गृहस्थ त्यात आले. तिथे खुणा गुप्त, शब्द गुप्त, आतला विधी गुप्त. सभासद कोण, हे मात्र सगळ्या शहराला ठाऊक असे, आणि त्यात प्रतिष्ठा मानली जाई. परमहंस सभेत नेमके उलटे होते. तिच्या विधीत गूढ असे काहीच नव्हते. पाव खाणे, पाणी पिणे, मराठीत प्रार्थना म्हणणे, यात लपवण्यासारखा मंत्र नाही की खूण नाही. लपवायची होती ती फक्त नावे. फ्रीमेसनच्या गुपितात मिरवण्याजोगे काहीतरी असते. परमहंसांच्या गुपितात नुसती जोखीम होती.

आणि तरीही त्यांनी नावांची वही ठेवली. हा मला या साऱ्या प्रकरणातला सर्वांत बोलका भाग वाटतो. ज्या सभेचे सगळे अस्तित्व नाव न फुटण्यावर टिकलेले, तिने सभासदांची नोंद कागदावर का करावी? ही माणसे एल्फिन्स्टनमध्ये शिकलेली, शाळांत आणि कचेऱ्यांत काम करणारी होती. सभा म्हटली की तिला अध्यक्ष हवा, नियम हवेत, इतिवृत्त हवे, हे त्यांच्या अंगी मुरलेले. शिवाय शपथ घेतलेला माणूस उद्या ‘मी नव्हतोच’ म्हणू लागला तर त्याला बांधून ठेवायला लेखी नावाखेरीज काय होते? संख्या पुरेशी वाढली म्हणजे सगळ्यांनी मिळून उघड व्हायचे, एकदम इतकी माणसे बाहेर पडली तर जात किती जणांना वाळीत टाकणार, असा हिशेब या मंडळींच्या मनात होता. त्या हिशेबालाही वही लागतेच. त्या दिवसाची वाट पाहताना दहा-अकरा वर्षे गेली. एकेक सभासद आला, तुकडा खाल्ला, वहीत नाव चढले. पण आता पुरे झाले, चला बाहेर, असे म्हणण्याचा दिवस कोणी ठरवला नाही. ठरवता आलाही नसता, कारण पहिले पाऊल कोण टाकणार, हा प्रश्न पन्नास माणसांतही तितकाच अवघड असतो जितका पाचशेंत.

वाट पाहणे ज्यांना सोसले नाही त्यांतला एक म्हणजे बाबा पदमनजी. १८३१ साली बेळगावात जन्मलेला हा तरुण मुंबईत शिकत असताना परमहंस मंडळीत आला. सभेबद्दल आज जी माहिती मिळते तिच्यातला मोठा भाग त्यांच्या ‘अरुणोदय’ या आत्मचरित्रामुळे टिकला. एका देवावर विश्वास, मूर्तिपूजेला विरोध, जातीला नकार, हे सगळे त्यांना मंडळीत मिळाले. खटकले ते दार लावून घेणे. जे खरे वाटते ते बापासमोर बोलता येत नसेल तर ते खरे कसे, या प्रश्नाने त्यांना चैन पडू दिले नाही. १८५४ मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला आणि घर, नातीगोती यांपासून तुटण्याची किंमत मोजली. तीन वर्षांनी त्यांनी ‘यमुनापर्यटन’ लिहिले. विधवांच्या हालअपेष्टांवरचे हे पुस्तक मराठीतली पहिली कादंबरी मानले जाते. त्यांचा मार्ग ज्यांना पटणार नाही त्यांनीही एवढे मान्य करावे की उघडपणाची किंमत त्यांनी स्वतःच्या खिशातून दिली. आणि गुप्त सभा सोडून जाणाऱ्या या माणसाने आपल्या जुन्या सोबत्यांना उघडे पाडले नाही.

वही फुटली ती १८६० मध्ये. दप्तर चोरीला गेले ही बातमी मंडळींत पसरली आणि सभा एका झटक्यात विरली. कोणी जाहीर सभा घेऊन ‘होय, आम्ही खाल्ला पाव’ असे म्हटले नाही. एखाद्याने तसे म्हटले असते तर? हा प्रश्न मनात येतोच, पण तो विचारताना श्रीपत शेषाद्रीचे प्रकरण विसरून चालणार नाही. अकरा वर्षे ज्या क्षणासाठी संख्या वाढवायची ठरवली होती तो क्षण आला, फक्त तो त्यांनी निवडलेला नव्हता. नावे आपण होऊन जाहीर केली असती तर ती एक सेना ठरली असती. दुसऱ्याच्या हाती लागली तेव्हा ती आरोपींची यादी झाली, आणि यादीतला प्रत्येक जण एकटा पडला. मला वाटते, चोरीने सभा मोडली असे म्हणण्यापेक्षा, इतक्या वर्षांत ती एकत्र उभे राहण्याचा सराव न केल्यामुळे मोडली असे म्हणणे जास्त खरे आहे. एकत्र जेवायचे ते शिकले होते. एकत्र उत्तर द्यायला शिकले नव्हते.

सभा मोडली तरी माणसे गप्प बसली नाहीत. सभेतले तुकाराम तात्या पडवळ, भंडारी ज्ञातीतले, यांनी पुढच्याच वर्षी, १८६१ मध्ये, ‘जातिभेद विवेकसार’ हे पुस्तक प्रसिद्ध केले. जातिभेदाला शास्त्राचा आधार नाही हे शास्त्रांच्याच वचनांनी दाखवणारे हे पुस्तक पुढे गाजले. त्याच्या १८६५ च्या आवृत्तीशी जोतीराव फुल्यांचे नाव जोडलेले आहे. लेखकाचे नाव मात्र पहिल्या आवृत्तीवर ‘एक हिंदू’. वीस वर्षांपूर्वी भास्कररावांनी घेतलेलाच बुरखा पुन्हा एकदा कामी आला.

मग १८६४ मध्ये केशवचंद्र सेन मुंबईला आले. बंगालातला ब्राह्मसमाज उघड काम करत होता, उपासना करत होता, व्याख्याने देत होता, आणि त्याचा पुढारी निर्भयपणे गावोगाव फिरत होता. मुंबईच्या जुन्या परमहंसांना हुरूप आला. ३१ मार्च १८६७ रोजी प्रार्थना समाजाची स्थापना झाली. पहिले अध्यक्ष डॉक्टर आत्माराम पांडुरंग, म्हणजे दादोबांचे धाकटे भाऊ. वासुदेव बाबाजी नवरंगे यांच्यासारखे परमहंस सभेतले सोबती त्यात होते. पुढे रानडे आले, भांडारकर आले. उपासना उघड, व्याख्याने उघड, सभासदांची नावे उघड. मराठीत संतांचे अभंग म्हणत एका देवाची प्रार्थना करणारा हा समाज कोणापासून काही लपवत नव्हता.

पण त्यासाठी एक गोष्ट सोडावी लागली. जातिभेद मोडणे, बालविवाह बंद करणे, विधवाविवाह, स्त्रीशिक्षण ही उद्दिष्टे बोलण्यात होती, त्यांवर व्याख्याने होत, लेख होत. परंतु सभासद होण्यासाठी जात मोडलीच पाहिजे अशी सक्ती प्रार्थना समाजाने ठेवली नाही. मूर्तिपूजा घरी चालू ठेवणाऱ्यालाही दार बंद नव्हते. पावाचा तुकडा उंबरठ्यावरून उचलून ठेवला गेला. ज्याला मोडायची त्याने आपल्या मनाने जात मोडावी. उघड राहायचे तर कोणाला बहिष्काराच्या तोंडी द्यायचे नाही, असा हा तह होता. त्याचे फायदे मोठे झाले हे नाकारण्यात अर्थ नाही. समाज टिकला, वाढला, रात्रीच्या शाळा, अनाथाश्रम, विधवांसाठीची कामे त्यातून उभी राहिली. आत्माराम पांडुरंगांच्या घरची मोकळीक तर अशी की त्यांची मुलगी अन्नपूर्णा विलायतेत शिकून आली, आणि १८७८ मध्ये तरुण रवींद्रनाथ टागोर इंग्लंडला जाण्यापूर्वी इंग्रजी वळण शिकायला त्यांच्याकडे राहिले. सुरतेत बोलणे उघड आणि कृती घरगुती होती. मुंबईच्या बंद दाराआड कृती झाली. प्रार्थना समाजात दार पुन्हा उघडले तेव्हा कृती ऐच्छिक झाली.

त्या तहाची परीक्षा पुढे पुण्यात झाली. ऑक्टोबर १८९० मध्ये पंच हौद मिशनमध्ये एका व्याख्यानानंतर पाहुण्यांपुढे चहा-बिस्किटे आली. पाहुण्यांत न्यायमूर्ती रानडे होते, लोकमान्य टिळक होते. कोणी प्याला, कोणी मान राखण्यापुरता पेला हातात घेतला. गोपाळराव जोशी, आनंदीबाईंचे पती, यांनी हजर असलेल्यांची नावे ‘पुणे वैभव’ पत्रात जाहीर केली आणि ग्रामण्य उभे राहिले. शंकराचार्यांपर्यंत प्रकरण गेले, चौकशी बसली. कोणाच्या पोटात चहा गेला आणि कोणाच्या नाही, यावर पुण्याची डोकी महिनोन्‌महिने झिजली. टिळकांनी आपण काशीस प्रायश्चित्त घेतल्याचे सांगितले. १८९२ मध्ये रानड्यांनी प्रायश्चित्त घेतले. वाळीत पडलेल्या मित्रांच्या घरची कोंडी सुटावी हा त्यांचा विचार होता, आणि त्यांच्या पत्नी रमाबाईंनी आपल्या आठवणींत हा प्रसंग मन लावून लिहिला आहे. हायकोर्टाच्या वाटेवर असलेल्या माणसालाही जातीने एका पेल्यासाठी वाकवले. १८४९ मध्ये दार लावून घेणाऱ्यांची भीती काल्पनिक नव्हती, याचा याहून मोठा पुरावा कोणता हवा?

पण त्याच काळात दुसराही एक मार्ग चालला जात होता, आणि तो परमहंस सभेच्या जन्मवर्षीच सुरू झाला होता. १८४९ मध्येच पुण्यात जोतीराव आणि सावित्रीबाईंना जोतीरावांचे वडील गोविंदराव यांचे घर सोडावे लागले. शूद्रातिशूद्रांच्या मुलींना शिकवणे थांबवा नाहीतर घराबाहेर पडा, असे बापाने सांगितले आणि दोघे बाहेर पडले. दोघे, हे महत्त्वाचे. इथे गुपित नव्हते, म्हणून नवरा जे करत होता त्याची झळ बायकोला नकळत लागली नाही. ती स्वतः शाळेत शिकवायला जात होती आणि रस्त्यावरचे शेण-दगड सोसत होती. जोतीरावांच्या ओळखीपाळखीची माणसे परमहंस वर्तुळातही होती. त्यांचे स्वतःचे काम मात्र पहिल्यापासून रस्त्यावर, दिवसाढवळ्या. १८६८ मध्ये त्यांनी आपल्या घराचा पाण्याचा हौद अस्पृश्यांसाठी खुला केला. मुंबईत जे पाणी बंद खोलीत प्यायले गेले, ते इथे अंगणात आले.

२४ सप्टेंबर १८७३ रोजी पुण्यात सत्यशोधक समाज स्थापन झाला. इथेही सभासदाला प्रतिज्ञा होती, आणि तीही जगण्याला भिडणारी होती. देव आणि भक्त यांच्यामध्ये दलाल ठेवायचा नाही, धर्मविधीला ब्राह्मण बोलवायचा नाही. ती पाळायची तर लपून पाळता येत नाही, कारण लग्न लपून लागत नाही. २५ डिसेंबर १८७३ रोजी सीताराम जबाजी आल्हाट आणि राधा यांचे लग्न भटजीवाचून लागले. विरोध झाला, धमक्या आल्या, नात्यागोत्यावर दडपण आले. तरी कोणी माघार घेतली नाही, आणि सावित्रीबाईंनी त्या लग्नाच्या तयारीत स्वतः लक्ष घातले. पुढे अशीच आणखी लग्ने लागली, प्रकरणे कोर्टापर्यंत गेली, तरी समाज पांगला नाही. त्याचे वार्षिक समारंभ भरत गेले, आणि १८७६ च्या तिसऱ्या समारंभाची हकीकत तर छापून निघाली. काम करणाऱ्यांची नावे तिच्यात उघड आहेत, ज्याला हवी त्याने वाचावीत.